नावाआधी सिक्वेन्स मागा: मिरबेस पंधरा वर्षं वापरल्यानंतर

परवा आमच्या प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या एका विद्यार्थिनीनं मला एक शीट पाठवली. पहिल्या रकान्यात मायक्रोआरएनएंची नावं होती: मिर-२१, मिर-१२६, मिर-२२३, मिर-१९९ए, मिर-१९९बी, लेट-७ए. दुसऱ्या रकान्यात आकडे. मी तिला विचारलं, "यातला १२६ कुठल्या भुजेचा?" ती गोंधळली. "मॅडम, पेपरमध्ये नुसतंच मिर-१२६ लिहिलंय. म्हणजे ५पी ना?"

नाही. १२६ च्या बाबतीत नुसतं नाव म्हणजे ३पी. २१ च्या बाबतीत नुसतं नाव म्हणजे ५पी. २२३ म्हणजे पुन्हा ३पी. हे कुठल्या नियमातून निघत नाही, इतिहासातून निघतं, आणि तो इतिहास ज्या एका ठिकाणी नीट जपून ठेवलेला आहे ते ठिकाण म्हणजे मिरबेस, मायक्रोआरएनएंची नावं आणि सिक्वेन्स नोंदवणारा डेटाबेस. तिला तोंडी सांगायला बसले आणि तासभर बोलत राहिले. मग वाटलं, हे लिहूनच काढावं. मी रिलीज १६ पासून, म्हणजे २०१० पासून, जवळजवळ रोज हा डेटाबेस उघडते. माझ्या कामाचा निम्मा पाया त्यावर उभा आहे आणि माझी सर्वांत मोठी चूकही त्यातल्याच एका नोंदीशी जोडलेली आहे. दोन्ही सांगते.

आधी थोडक्यात, वस्तू काय आहे. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण बावीस न्यूक्लिओटाइड, म्हणजे बावीस अक्षरं, लांबीचा आरएनएचा तुकडा. तो प्रथिन बनवत नाही. दुसऱ्या जनुकांच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्यांचा आवाज खाली आणतो. जीनोममधून आधी एक लांब प्रत निघते, ती स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखी होते, म्हणून तिला हेअरपिन म्हणतात. पेशीच्या केंद्रकात ड्रोशा नावाचं एन्झाइम ती पिन कापून मोकळी करतं, बाहेर आल्यावर डायसर तिचं टोक उडवतं, आणि उरलेल्या जोडीतली एक पट्टी आर्गोनॉट प्रथिनात जाऊन बसते. पिनेला दोन भुजा असतात, एक ५-प्राइम टोकाकडची (५पी) आणि एक ३-प्राइम टोकाकडची (३पी). कधी एक भुजा कामाची, कधी दुसरी, कधी दोन्ही. नावांचा सगळा घोळ या दोन भुजांपासून सुरू होतो.

पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ मध्ये एका इवल्याशा गोलकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांचं ते काम, ज्यासाठी त्यांना २०२४ चं नोबेल मिळालं. सात वर्षं तो कृमीतलाच एक चमत्कार मानला गेला. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि त्याच वर्षी कळलं की तो माणसातही आहे. कृमीतला लेट-७ आणि माणसातला लेट-७ए-५पी यांची बावीसच्या बावीस अक्षरं एकच आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन्ही सिक्वेन्स कागदावर एकाखाली एक लिहून बोट ठेवत तपासले होते.

२००१ मध्ये तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी डझनावारी नवे तुकडे जाहीर केले, 'मायक्रोआरएनए' हे नाव रूढ झालं आणि प्रश्न उभा राहिला की यांना नावं कोण देणार. ज्यानं त्यानं आपापला आकडा लावला असता तर दोन वर्षांत कुणाचं बोलणं कुणाला कळलं नसतं. सॅम ग्रिफिथ्स-जोन्स यांनी सँगर इन्स्टिट्यूटमध्ये 'मायक्रोआरएनए रजिस्ट्री' सुरू केली. डिसेंबर २००२ च्या पहिल्या रिलीजमध्ये २१८ नोंदी होत्या. पुढे तीच मिरबेस झाली आणि मँचेस्टर विद्यापीठात गेली. रिलीज १६ मध्ये, म्हणजे मी आले तेव्हा, १५,१७२ हेअरपिन होते. रिलीज २१ मध्ये, जून २०१४ ला, २८,६४५. आणि २०१८ च्या रिलीज २२ मध्ये २७१ जीवजातींचे ३८,५८९ हेअरपिन, त्यांतून निघणारे ४८,८६० परिपक्व तुकडे. मी आजही काम करते ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातल्या २२.१ वर.

या रजिस्ट्रीची एक पद्धत मला मनापासून आवडते. नवा मायक्रोआरएनए सापडला की लगेच आकडा मिळत नाही. आधी तुमचा पेपर परीक्षकांनी तपासून स्वीकारलेला असावा लागतो. मग तुम्ही सिक्वेन्स पाठवता, तिथली माणसं तो आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात आणि नाव देतात. ते नाव छपाईआधी तुमच्या पेपरमध्ये जातं. पुढच्या रिलीजपर्यंत गुप्तता पाळली जाते. बारशाआधी नाव फुटत नाही आणि दोन मुलांना एकच नाव पडत नाही.

आता नावाचं व्याकरण. एचएसए-मिर-२१-५पी हे नाव घ्या. एचएसए म्हणजे होमो सेपियन्स. उंदीर असेल तर एमएमयू, फळमाशी असेल तर डीएमई, अरॅबिडॉप्सिस ही प्रयोगांतली वनस्पती असेल तर एटीएच. २१ हा क्रमांक, सापडण्याच्या क्रमानं. ५पी म्हणजे पिनेची ५-प्राइम भुजा. क्रमांकामागे ए, बी, सी अशी अक्षरं आली तर ती सख्खी भावंडं, एखाद-दोन न्यूक्लिओटाइडचा फरक असलेली. शेवटी उणेचिन्ह आणि आकडा आला, जसं लेट-७ए-१, लेट-७ए-२, लेट-७ए-३, तर परिपक्व तुकडा तोच, पण जीनोममधल्या जागा वेगळ्या. माणसात लेट-७ए ची ही तीन जनुकं नवव्या, अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांवर आहेत. तिन्हींतून तोच लेट-७ए-५पी निघतो. त्यामुळे सिक्वेन्सिंगच्या रीड्समध्ये, म्हणजे मशीननं वाचलेल्या तुकड्यांमध्ये, लेट-७ए-५पी दिसला तर तो कुठल्या जनुकातून आला हे त्या रीडवरून कधीही सांगता येत नाही. जो सॉफ्टवेअर तीन ओळींत तीन वेगळे आकडे देतो, त्यानं ते आपल्या हिशोबानं वाटून दिलेले असतात.

आणखी एक बारकावा मराठीत लिहिणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. रोमन लिपीत 'मिर'मधला शेवटचा 'आर' मोठ्या अक्षरात असेल तर परिपक्व तुकडा, छोट्या अक्षरात असेल तर हेअरपिन, आणि तिन्ही अक्षरं मोठी असतील तर मानवी जनुकाचं अधिकृत चिन्ह. (वनस्पतींत पुन्हा वेगळं: तिथे हेअरपिनची तिन्ही अक्षरं मोठी असतात आणि परिपक्व नावात क्रमांकाआधीचं उणेचिन्ह नसतं.) आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, आणि बोलताना तर हा फरक कुठल्याच भाषेत ऐकू येत नाही. म्हणून मी मराठीत समजावताना 'मिर-२१ चा हेअरपिन' आणि 'मिर-२१ ची पाचपी' असं फोडून बोलते. आमच्या गटात आता सगळे तसंच बोलतात.

जुन्या नावांना हात लावलेला नाही, हेही मला आवडतं. लिन-४, लेट-७ आणि फळमाशीतला बँटम यांना 'मिर' क्रमांक नाहीत. ती नावं व्यवस्थेआधीची आहेत. लिन हे पेशींच्या वंशावळीतल्या बिघाडावरून आलं, लेट हे प्राणघातक परिणामावरून. त्या दोन नावांत पहिल्या प्रयोगांची आठवण शिल्लक आहे.

मग १२६ चा घोटाळा कुठून आला? सुरुवातीला समज असा होता की पिनेची एकच भुजा कामाची, दुसरी वाया जाते. कामाच्या भुजेला नुसतं नाव, वाया जाणाऱ्या भुजेला त्याच नावावर तारा. १२६ मध्ये कामाची भुजा ३पी ठरली, म्हणून मिर-१२६ म्हणजे ३पी आणि तारांकित मिर-१२६ म्हणजे ५पी. पुढे डीप सिक्वेन्सिंग, म्हणजे एका वेळी लाखो तुकडे वाचण्याची पद्धत, आल्यावर दिसलं की एका ऊतीत जी भुजा गौण ती दुसऱ्या ऊतीत मुख्य असू शकते. २०११ च्या सुमारास मिरबेसनं तारा काढून टाकला आणि सगळीकडे ५पी-३पी आणलं. निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पण त्याआधीचे हजारो पेपर तारा लावूनच छापले गेलेले आहेत, आणि त्यानंतरचेही कित्येक लेखक आळसानं नुसतं 'मिर-१२६' लिहितात.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी यात पाच आठवडे गेले. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींवर काम चालू होतं, १२६ तिथला प्रमुख. आमचे आकडे एका जुन्या अभ्यासाशी जुळेनात. नमुने पुन्हा काढले, आरएनए पुन्हा तपासला, मुलांना रविवारी बोलावलं. शेवटी कळलं की आम्ही आमच्या ५पी ची तुलना त्यांच्या ३पी शी करत होतो. प्रयोगात काहीही चूक नव्हती. रकान्याचं शीर्षक अपुरं होतं.

म्हणून मिरबेसचा सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते नाव नाहीच, अ‍ॅक्सेशन नंबर आहे. प्रत्येक हेअरपिनला 'एमआय'नं सुरू होणारा आणि प्रत्येक परिपक्व तुकड्याला 'एमआयएमएटी'नं सुरू होणारा नंबर असतो. मिर-२१ चा हेअरपिन एमआय०००००७७, त्याची ५पी एमआयएमएटी०००००७६, त्याची ३पी एमआयएमएटी०००४४९४. नावं बदलली, तारा गेला, तरी हे नंबर हलले नाहीत. शीटमध्ये नावाशेजारी हा एक रकाना असता तर आमचे पाच आठवडे वाचले असते. जुन्या नावांवरून नव्यावर यायला मिरबेसच्या डाउनलोडमध्ये पूर्वीच्या नावांची एक फाइल आहे. आर ही संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी मिरबेसकन्व्हर्टर नावाचं पॅकेज आहे, तेही चांगलं काम करतं. मात्र अ‍ॅक्सेशनच्याही पलीकडे, शेवटचा पुरावा म्हणजे सिक्वेन्स. कारण क्वचित एखाद्या परिपक्व तुकड्याची टोकंही नव्या रीड्स पाहून एखाद-दुसऱ्या अक्षरानं सरकवली गेली आहेत.

संकेतस्थळाबद्दल. पैसे नाहीत, लॉगिन नाही, जाहिरात नाही. नाव, नंबर किंवा सिक्वेन्स टाकून शोधता येतं, आणि सिक्वेन्सवरून शोधण्याची सोय मी सर्वांत जास्त वापरते. नोंदीच्या पानावर हेअरपिनची आकृती साध्या अक्षरांत रेखलेली असते, जोड्या कुठे जुळतात आणि कुठे फुगवटा आहे ते डोळ्याला लगेच दिसतं. त्याखाली रीड्सचा आलेख. मी नवख्यांना आधी हाच आलेख बघायला शिकवते. मिर-२१ चं पान उघडा: एका भुजेवर रीड्सची उंच सरळ भिंत, दुसऱ्या भुजेवर ठेंगणी पण तशीच सरळ कडा, मधल्या वळणावर जवळजवळ काहीच नाही. डायसर आणि ड्रोशानं नेमक्या जागी कापल्याची ती खूण आहे. मग एखादी संशयास्पद नोंद उघडा. तिथे रीड्स उतारावरच्या दगडांसारख्या कशाही विखुरलेल्या दिसतील, प्रत्येकाची सुरुवात वेगळी. दहा-बारा पानं अशी पाहिली की नजर तयार होते. जीनोममध्ये जवळपास, दहा हजार अक्षरांच्या आत, आणखी कुठले मायक्रोआरएनए आहेत तेही पानावर मिळतं, त्यामुळे मिर-१७ ते मिर-९२ए सारखा गुच्छ एका नजरेत कळतो. अलीकडे पेपरांमधली संबंधित वाक्यंही पानावर आणून दिली आहेत. ती मी फारशी वाचत नाही. ज्या मायक्रोआरएनएवर खूप लिहिलं गेलंय तिथे वाक्यांचा डोंगर आहे आणि ज्याबद्दल खरंच काही हवं असतं तिथे दोन ओळी.

डाउनलोड केलेल्या फायलींबद्दल एक सूचना, कारण यात दरवर्षी कुणीतरी अडकतं. मिरबेसच्या फास्टा फायलींत सिक्वेन्स आरएनएच्या लिपीत आहेत, म्हणजे 'टी'च्या जागी 'यू'. सिक्वेन्सिंग मशीनमधून येणाऱ्या रीड्समध्ये 'टी' असतो. फाइल जशीच्या तशी अलाइनरला, म्हणजे रीड्स सिक्वेन्सशी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिली तर जवळजवळ काहीही जुळत नाही आणि वाटतं की नमुनाच खराब झाला. माझा पहिला आठवडा यातच गेला होता. दुसरं, जीनोममधल्या जागांची फाइल कुठल्या जीनोम आवृत्तीवर आहे ते तिच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मानवासाठी रिलीज २० पर्यंत जुनी आवृत्ती होती, २१ पासून ३८ क्रमांकाची आली.

आता कमी पडणाऱ्या बाजूकडे येते. हे लिहिताना मला जड जातं, कारण ज्यांनी इतकी वर्षं हे सांभाळलं त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण खरं ते सांगायला हवं.

मिरबेस ही नोंदवही आहे. छापून आलेलं ती नोंदवते. आणि २००८ नंतर डीप सिक्वेन्सिंग स्वस्त झालं तसं छापून येणारं सगळं मायक्रोआरएनए राहिलं नाही. पेशीत लहान आरएनएचे तुकडे पुष्कळ असतात: प्रथिनाचे घटक वाहून आणणाऱ्या टीआरएनएचे, राइबोसोमल आरएनएचे, नुसते मोडलेल्या संदेशांचे. त्यातला एखादा तुकडा जीनोमवर ठेवला आणि आजूबाजूचा भाग कागदावर दुमडून पाहिला तर तो अनेकदा पिनेसारखा दुमडतोच. माणसाच्या जीनोममध्ये पिनेसारखे दुमडू शकणारे तुकडे अगणित आहेत. तेवढ्या पुराव्यावर शेकडो नोंदी आत आल्या.

त्यातल्या एका नोंदीनं मला पोळलं. माझ्या पहिल्या स्वतंत्र प्रयोगात सर्वांत जास्त वाढलेला मायक्रोआरएनए होता मिर-१२७४बी. औषध दिलेल्या पेशींत तो कितीतरी पटींनी वर. मी हरखून गेले. त्यावर पोस्टर केलं, त्याची संभाव्य लक्ष्यं शोधली, जनुकांचं जाळं रंगवलं. पोस्टरसमोर एक वयस्कर प्राध्यापिका थांबल्या. त्यांनी सिक्वेन्स वाचला, शेवटच्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हे सी-सी-ए कशाचं टोक असतं गं?"

टीआरएनएचं. प्रत्येक टीआरएनए सी-सी-ए नं संपतो, हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते. मिर-१२७४बी म्हणून नोंदलेला तुकडा लायसिन वाहणाऱ्या टीआरएनएचं ३-प्राइम टोक होता. एचआयव्ही विषाणू आपल्या आरएनएची उलटी प्रत काढताना प्राइमर म्हणून वापरतो, तेच टोक. नेहमीच्या बावीसपेक्षा तो बराच आखूडही होता, आणि मी ते पाहूनही पाहिलं नव्हतं. औषधामुळे पेशींवर ताण आला, टीआरएनए तुटले, त्यांचे तुकडे वाढले. घटना खरी होती, पण मायक्रोआरएनएची नव्हती. त्या बाईंनी मला कुणासमोर कमी लेखलं नाही, उलट खुर्ची ओढून बसल्या आणि टीआरएनएच्या तुकड्यांवर काय वाचावं ते लिहून दिलं. आज मी विद्यार्थ्यांचे सिक्वेन्स तपासते ते त्यांच्याकडूनच शिकलेल्या सवयीनं.

पुढे मिर-१२७४ए आणि बी दोन्ही मिरबेसमधून हटवले गेले. मिर-७२० ही गेला, तोही टीआरएनएचा. मिर-८८६ गेला, तो व्हॉल्ट आरएनए, म्हणजे दुसऱ्याच जातीचा आरएनए, निघाला. आणि इथे मिरबेसचं एक मोठेपण सांगायला हवं: हटवलेल्या नोंदी पुसल्या जात नाहीत. मृत नोंदींची वेगळी फाइल आहे, तिच्यात जुना नंबर, जुनं नाव आणि बऱ्याच ठिकाणी हटवण्याचं कारण आहे. जुना पेपर वाचताना एखादं नाव आजच्या यादीत सापडलं नाही तर मी पहिली ती फाइल उघडते. विज्ञानात चूक दुरुस्त केल्याची नोंद ठेवणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि फार थोडे डेटाबेस ती इतक्या सरळपणे ठेवतात.

पण हटवण्याचा वेग भरतीच्या वेगाला पुरला नाही. २०१५ मध्ये बास्टियन फ्रॉम, केव्हिन पीटरसन आणि सहकाऱ्यांनी एकेक नोंद हातात घेऊन तपासली आणि लिहिलं की मिरबेसमधल्या १,८८१ मानवी नोंदींपैकी एक तृतीयांशाहून कमी नोंदींना भक्कम आधार आहे. बहुपेशीय प्राण्यांच्या ७,०९५ नोंदी पाहिल्या तर फक्त १६ टक्क्यांच्या आसपास. मी तो लेख वाचला त्या रात्री आमच्या तेव्हाच्या तीन प्रकल्पांच्या याद्या काढून बसले. आमच्या 'महत्त्वाच्या' चाळीस नावांतली अकरा डळमळीत निघाली.

याच कामातून मिरजीनडीबी उभा राहिला, आणि माझी दुसरी शिफारस तो आहे. त्याची अट कडक आहे: दोन्ही भुजांचे वीस ते सव्वीस न्यूक्लिओटाइडचे रीड्स हवेत, दोन टोकांमध्ये दोन न्यूक्लिओटाइडची ती ठरावीक खाच हवी, ५-प्राइम सुरुवात एकसारखी हवी, भुजांमध्ये किमान सोळा जोड्या जुळायला हव्यात, वळण किमान आठ न्यूक्लिओटाइडचं हवं. थोडक्यात, ड्रोशा आणि डायसरच्या सुऱ्यांच्या खुणा दाखवा, मगच आत या. मानवी जनुकं तिथे मिरबेसच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी आहेत. ताज्या, तिसऱ्या आवृत्तीत ११४ प्राणीजाती आहेत.

मिरजीनडीबीनं नावंही नव्यानं बांधली, आणि ती वंशावळीवर. मिरबेसमध्ये क्रमांक सापडण्याच्या क्रमानं येत असल्यानं नातं नावात दिसत नाही. मिर-२००ए, २००बी, २००सी, १४१ आणि ४२९ हे पाचही एका घरातले. नुसतं 'मिर-४२९' वाचून कुणाला कळणार? मिरजीनडीबीत ते सगळे मिर-८ या एका कुळाखाली येतात, कारण फळमाशीतला मिर-८ हा त्यांचाच नातेवाईक. तसेच मिर-९९, १०० आणि १२५ हे मिर-१० च्या कुळात. उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्याला याहून सुंदर व्यवस्था मिळणार नाही. एका जनुकाचं कोंबडीतलं, माशातलं आणि माणसातलं रूप एकाच नावानं शोधता येतं.

तरीही माझ्या रोजच्या पेपरांत मी मिरबेसचंच नाव लिहिते आणि मिरजीनडीबीचं शेजारी देते. कारण किट बनवणारे, प्रोब विकणारे, लक्ष्य शोधणारे सगळे मिरबेसची भाषा बोलतात. डॉक्टर मंडळींना 'मिर-१२२' म्हटलं की यकृत आठवतं. नावं ही फक्त वर्गीकरण नसतात, माणसांमधला करार असतात, आणि वीस वर्षांचा करार एका सुंदर व्यवस्थेसाठी मोडता येत नाही. मिरजीनडीबीनंही आपल्या पानांवर मिरबेसची नावं आणि दुवे दिलेले आहेत, ही त्यांची समजूतदारी.

मिरबेसनं स्वतःही हा प्रश्न टाळलेला नाही. २०१४ पासून ते 'उच्च विश्वास' असा वेगळा गट देतात: दोन्ही भुजांवर किमान दहा रीड्स, सुरुवात एकसारखी, दुमडण्याची ऊर्जा पुरेशी. तुम्हाला एकच डेटाबेस वापरायचा असेल तर निदान या गटाची फाइल उतरवा. पण सावध राहा: ज्या जीवजातींचे रीड्स मिरबेसकडे कमी आहेत, तिथे खरा मायक्रोआरएनएही या गटाबाहेर राहतो. गटात असणं हा चांगला पुरावा आहे. नसणं हा खोटेपणाचा पुरावा नाही.

वनस्पतींवर काम करणाऱ्यांना मिरजीनडीबीचा उपयोग नाही, तो प्राण्यांपुरता आहे. वनस्पतींत डायसरची पद्धत वेगळी, पिना लांब आणि वेड्यावाकड्या, आणि चोवीस न्यूक्लिओटाइडचे दुसऱ्याच जातीचे लहान आरएनए ढिगानं असतात, ते मायक्रोआरएनए समजून नोंदवले जाण्याची भीती मोठी. २०१८ मध्ये अ‍ॅक्सटेल आणि मायर्स यांनी वनस्पतींसाठी निकष नव्यानं मांडले, ते वाचूनच मिरबेसच्या वनस्पती नोंदी हाताळाव्यात. माझा त्या बाजूचा अनुभव एका सहकाऱ्याच्या कामापुरता आहे, म्हणून इथे थांबते.

आरएनएसेंट्रल आणि आरफॅम यांचाही मला उपयोग होतो. आरएनएसेंट्रलमध्ये कुठलाही सिक्वेन्स टाकला की तो कुठल्या कुठल्या डेटाबेसनं कोणत्या नावानं नोंदवलाय ते एका पानावर येतं. १२७४ची भानगड आज झाली असती तर तिथे दोन मिनिटांत उघडकीस आली असती. आरफॅम हा डेटाबेस आरएनएच्या कुळांसाठी, आणि त्यांनी मिरबेसबरोबर बसून मायक्रोआरएनएची कुळं नव्यानं जुळवली आहेत, हे चांगलं झालं.

मिरबेसकडून माझी एकच मागणी आहे, आणि ती पानाच्या रचनेबद्दल आहे. नोंदीच्या नावाशेजारीच, मोठ्या अक्षरांत, पुराव्याचा दर्जा दिसावा. आज तो पानात खाली किंवा वेगळ्या फायलीत शोधावा लागतो, आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे तो नवखा विद्यार्थी तिथपर्यंत पोचतच नाही. नाव दिसलं की त्याला वाटतं, हे खरं आहे, कुणीतरी तपासलंय.

त्या मुलीच्या शीटचं पुढे असं झालं. आम्ही दोघी शेजारी बसलो आणि तिनं नावाच्या रकान्यापुढे तीन रकाने जोडले: अ‍ॅक्सेशन, पूर्ण सिक्वेन्स आणि मिरजीनडीबीत आहे की नाही. पेपरमधला सिक्वेन्स पुरवणी तक्त्यात सापडला, मग १२६ पुढे ३पी लागलं. २१ पुढे ५पी, २२३ पुढे ३पी. मिर-१९९ए आणि मिर-१९९बी भरताना ती थबकली. तिच्या यादीतल्या दोन्हींची ३पी होती, आणि दोन ओळींत तीच बावीस अक्षरं आली होती, ए-सी-ए-जी-यू-ए-जी-यू पासून शेवटपर्यंत. तिनं पुन्हा चिकटवून पाहिलं, पुन्हा तेच. "मॅडम, हे दोन नाहीतच," ती म्हणाली. रीड्स एकच होते, सॉफ्टवेअरनं दोन ओळींत वाटले होते. तिनं दोन्ही ओळी एक केल्या, नावात तिरपी रेघ टाकून दोन्ही नावं ठेवली, अ‍ॅक्सेशनही दोन्ही ठेवले, आणि आकड्यांचा आलेख नव्यानं काढायला घेतला.